लोटस: एका तपाचं राज्य

१९०० सालच्या फेब्रुवारीत २९ तारीख उगवलीच नाही. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप वर्ष ठरायला त्याला चारशेनेही भाग जावा लागतो, आणि १९०० ला तो जात नाही. तरीही विंडोजवर एक्सेल उघडा, एका सेलमध्ये ६० हा आकडा लिहा आणि त्या सेलला तारखेचं रूप द्या. उत्तर येईल २९ फेब्रुवारी १९००. जगभरच्या बँका, कारखाने, शाळा आणि सरकारी कचेऱ्या ज्या प्रोग्रामवर हिशेब ठेवतात, त्यात ही न झालेली तारीख जवळपास चार दशकं जपून ठेवलेली आहे. ती चूक आहे हे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी ती जाणूनबुजून उचलली, कारण ती त्या वेळी आघाडीवर असलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये होती. लोटसमध्ये मांडलेले लोकांचे हिशेब एक्सेलमध्ये आणताना एका दिवसाचाही फरक पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

मायक्रोसॉफ्टची आघाडी कधी जाईल का, हा प्रश्न दर पाच-सात वर्षांनी नव्याने विचारला जातो. इंटरनेट आलं तेव्हा विचारला गेला, मोबाइल आला तेव्हा विचारला गेला, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने पुन्हा विचारला जातो आहे. त्याचं उत्तर शोधायला मी नेहमी मागे जातो, मायक्रोसॉफ्टने ज्यांची आघाडी हिसकावली त्यांच्याकडे. १९८३ ते १९९५ हे लोटसचं तप नीट पाहिलं, तर पहिल्या क्रमांकाची सॉफ्टवेअर कंपनी कशी उभी राहते आणि तिच्या पायाखालून जमीन कशी सरकते, हे फार स्पष्ट दिसतं.

या कथेची सुरुवात लोटसच्याही आधी होते. १९७८ च्या वसंतात हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी ऑल्ड्रिच हॉलच्या १०८ क्रमांकाच्या वर्गात बसत असे. प्राध्यापक फळ्यावर रकाने आखून एखाद्या कंपनीचं आर्थिक गणित मांडत. मधला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसायचे आणि पुन्हा काढायचे. ब्रिकलिनने आधी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये वर्ड प्रोसेसिंगवर काम केलं होतं. पडद्यावर एक शब्द बदलला की पुढच्या ओळी आपोआप सरकतात, मग आकड्यांचं तसं का होऊ नये, असं त्याच्या मनात आलं. त्याचा एमआयटीतला मित्र बॉब फ्रँकस्टन याने ती कल्पना प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये उतरवली. संगणकाचा वेळ रात्री स्वस्त मिळायचा, म्हणून त्याचं काम रात्री चालायचं. दोघांनी सॉफ्टवेअर आर्ट्स ही कंपनी काढली. विक्रीची जबाबदारी डॅन फिल्स्ट्राच्या पर्सनल सॉफ्टवेअर या प्रकाशन संस्थेने घेतली, आणि १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी व्हिझिकॅल्क बाजारात आलं.

प्रोग्रामची किंमत सुमारे १०० डॉलर आणि तो चालवायला लागणारं यंत्र त्याच्या कितीतरी पट महाग. तरीही लोक दुकानात जाऊन आधी व्हिझिकॅल्क मागायचे आणि मग ते ज्यावर चालतं ते यंत्र विकत घ्यायचे. तोवर घरगुती संगणक हा हौशी माणसांचा छंद होता. व्हिझिकॅल्कमुळे तो पहिल्यांदा लेखापालाच्या टेबलावर गेला. पुढच्या काही वर्षांत त्याच्या सात लाखांवर प्रती खपल्या.

त्या शोधावर पेटंट नव्हतं. सॉफ्टवेअरला पेटंट मिळण्याची शक्यता फार कमी आहे, असाच त्या काळच्या वकिलांचा सल्ला होता. त्यामुळे रकाने आणि ओळींची ती मांडणी कुणीही उचलू शकत होतं, आणि अनेकांनी उचललीही. पण व्हिझिकॅल्कची गादी नकलाकारांनी घेतली नाही. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला आणि खेळाचं मैदानच बदललं. व्हिझिकॅल्क त्या यंत्रावर लगेच आलं, पण आलं ते ॲपलवरचं जवळजवळ जसंच्या तसं. नव्या यंत्राची जास्तीची मेमरी आणि जास्तीचा वेग वापरण्यासाठी ते मुळापासून लिहिलेलं नव्हतं. त्यातच लिहिणारी कंपनी आणि विकणारी कंपनी यांच्यात बेबनाव झाला. एव्हाना व्हिझिकॉर्प असं नाव घेतलेली विक्रेती कंपनी सप्टेंबर १९८३ मध्ये सॉफ्टवेअर आर्ट्सविरुद्ध कोर्टात गेली. ज्या वर्षी दोघांनी मिळून नवं व्हिझिकॅल्क लिहायला हवं होतं, त्या वर्षी दोघे वकिलांच्या कचेऱ्यांत बसले होते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त हळहळ ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांच्याबद्दल वाटते. एक संपूर्ण नवी वस्तू जगाला देऊन ही माणसं सहा वर्षांत बाजूला पडली.

मिच केपॉर हा याच व्हिझिकॉर्पसाठी आलेख काढणारे आणि सांख्यिकीचे प्रोग्राम लिहिणारा माणूस. रेडिओवर गाणी लावण्याचं काम त्याने केलेलं, मनोरुग्णालयात समुपदेशक म्हणून राहिलेला, आणि महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा शिक्षकही झालेला. व्हिझिकॉर्पने त्याच्या प्रोग्रामांचे हक्क १२ लाख डॉलरना विकत घेतले. त्या पैशांतून आणि बेन रोझेन यांच्या भांडवलातून त्याने १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे कंपनी काढली. नाव ठेवलं लोटस, पद्मासनावरून.

हे बेन रोझेन लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मॉर्गन स्टॅन्लेमध्ये विश्लेषक असताना १९७९ मध्येच त्यांनी व्हिझिकॅल्कचं महत्त्व ओळखून त्यावर लिहिलं होतं. पुढे भांडवल पुरवण्याचा व्यवसाय सुरू केल्यावर त्यांनी जवळजवळ एकाच वेळी दोन नव्या कंपन्यांत पैसे घातले: एक लोटस, दुसरी कॉम्पॅक. कॉम्पॅकने आयबीएमशी तंतोतंत जुळणारं यंत्र बनवलं आणि लोटसने त्या यंत्रावर चालवण्यासारखी गोष्ट दिली. त्या वर्षांत एखादा संगणक खरोखर आयबीएमशी जुळतो की नाही हे पाहायचं असेल, तर दुकानदार त्यावर लोटस १-२-३ चालवून पाहत. चाललं तर यंत्र खरं.

प्रोग्राम लिहिला जोनाथन सॅक्स याने, आणि तो लिहिताना त्याने एक निर्णायक निवड केली. त्या काळचे बहुतेक निर्माते आपला प्रोग्राम शक्य तितक्या जास्त प्रकारच्या संगणकांवर चालावा म्हणून धडपडत. मायक्रोसॉफ्टचा १९८२ चा मल्टिप्लॅन असाच होता. तो डझनावारी यंत्रांवर चालायचा, ६४ किलोबाइट मेमरीत मावायचा, आणि म्हणूनच सगळीकडे संथ होता. सॅक्सने उलट केलं. त्याने फक्त आयबीएम पीसी डोळ्यांसमोर ठेवला, थेट असेंब्ली भाषेत लिहिलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटवताना ऑपरेटिंग सिस्टीमला न विचारता सरळ पडद्याच्या मेमरीत लिहिलं. बाण दाबला की पडदा तत्क्षणी सरकायचा. ज्यांनी मल्टिप्लॅन वापरून मग १-२-३ पाहिलं, त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही.

२६ जानेवारी १९८३ ला लोटस १-२-३ विक्रीला आलं. किंमत ४९५ डॉलर. नावातले तीन आकडे म्हणजे त्याची तीन कामं: रकान्यांचा हिशेब, त्यावरून आलेख, आणि छोटासा डेटाबेस. २५६ रकाने आणि २०४८ ओळींचा कागद त्यात होता. व्हिझिकॅल्कचा कागद ६३ रकाने आणि २५४ ओळींवर संपायचा. पहिल्या वर्षाची विक्री ५ कोटी ३० लाख डॉलर झाली, कंपनीच्या स्वतःच्या अंदाजाच्या कितीतरी पट. १९८४ मध्ये ती १५ कोटी ६० लाखांवर गेली. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टची उलाढाल अजून १० कोटींच्या आत होती. १९८५ मध्ये लोटसने सॉफ्टवेअर आर्ट्सच विकत घेतली आणि व्हिझिकॅल्कची विक्री थांबवली. जुन्या राजाचा निकाल नव्या राजाच्या हातून लागला.

आपल्याकडेही त्याच सुमाराची आठवण अनेकांना असेल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला आणि नव्वदच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, आणि त्यांवर हटकून तीन नावं असायची: वर्डस्टार, लोटस, डीबेस. वातानुकूलित खोली, दाराबाहेर चपला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि तिरपी रेघ दाबली की वर उघडणारा तो मेनू. शिकलेल्या मुलाला बँकेत किंवा कारखान्याच्या हिशेब विभागात मान मिळायचा. त्या वेळी कुणी सांगितलं असतं की ही तिन्ही नावं दहा वर्षांत पुसली जातील, तर क्लासच्या चालकाने ते हसण्यावारी नेलं असतं.

लोटसच्या घसरणीची कारणं सांगताना बहुतेक लोक एक्सेल चांगलं होतं असं म्हणून मोकळे होतात. एक्सेल चांगलं होतं, यात शंका नाही. पण नुसत्या चांगलेपणाने १-२-३ हललं नसतं. १-२-३ वर हजारो कंपन्यांची अंदाजपत्रकं बसलेली होती, त्यांचे मॅक्रो लिहिलेले होते, लोकांच्या बोटांना त्याच्या कळा पाठ होत्या. अशा वेळी लेखापाल थोड्या चांगल्या प्रोग्रामसाठी घर बदलत नाही. तो बदलायला भाग पडतो ते खालची जमीन बदलली की.

ती जमीन बदलायला कुठे सुरुवात झाली होती? ॲपलच्या मॅकिंटॉशवर. १९८४ मध्ये चित्रांचा आणि माउसचा तो संगणक आला, आणि त्यासाठी लोटसने जॅझ नावाचा सगळं एकत्र करणारा प्रोग्राम आणला. तो महाग होता, अडखळत चालायचा आणि साफ पडला. मल्टिप्लॅनच्या पराभवाने पोळलेल्या मायक्रोसॉफ्टनेही पीसीसाठी चाललेलं आपलं नवं काम वळवून मॅकवर नेलं. त्या कामाचा मुख्य प्रोग्रामर डग क्लंडर यावरून इतका नाराज झाला की तो नोकरीच सोडून गेला, आणि मग ते काम पुरं करायला परत आला. आकडा बदलला तर पूर्ण कागदाचा हिशेब पुन्हा न करता फक्त ज्या सेलवर परिणाम होतो तेवढ्यांचाच करायचा, ही एक्सेलची मोठी ताकद त्याच्या हातची. २ मे १९८५ ला न्यूयॉर्कमध्ये बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्झ यांनी एकत्र उभं राहून एक्सेल जाहीर केलं. मॅकवर गिऱ्हाईक थोडं होतं, पण तिथे मायक्रोसॉफ्टला माउसच्या जगात स्प्रेडशीट कसं वागतं याचा दोन वर्षांचा सराव मिळाला. लोटसला तो मिळाला नाही. १९८७ मध्ये एक्सेल विंडोजवर आलं तेव्हा विंडोज इतकं कमी खपत होतं, की एक्सेलच्या खोक्यात ते चालवण्यापुरतं विंडोज सोबत द्यावं लागायचं. कुणी फारसं घेतलं नाही. तरीही मायक्रोसॉफ्टने ते चालू ठेवलं.

त्या काळात लोटसमध्ये काय चाललं होतं? सॅक्स कंपनी सोडून गेला होता. केपॉरही १९८६ मध्ये बाहेर पडला. नंतर त्याने डिजिटल हक्कांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन उभारण्यात पुढाकार घेतला. कंपनीची सूत्रं जिम मँझी या व्यवस्थापन सल्लागाराच्या हाती आली. विक्री उत्तम चालली होती. पण ज्या असेंब्ली भाषेने १-२-३ ला वेग दिला होता, तीच आता पायातली बेडी झाली. तिसरी मोठी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहायला घेतली, १९८७ मध्ये जाहीरही केली, आणि ती बाजारात यायला जून १९८९ उजाडला. ती इतकी मेमरी मागत होती की जुन्या यंत्रांसाठी कंपनीला २.२ ही वेगळी आवृत्ती काढावी लागली. दोन वर्षं खर्ची पडली ती डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या, म्हणजे मावळत्या जगातल्या, प्रोग्रामसाठी.

त्याहून मोठी चूक ओएस/टू ची. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ओएस/टू ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर केली आणि उद्याचं जग हेच असं सगळ्यांना सांगितलं. लोटसने त्यावर विश्वास ठेवला आणि आपली चित्रमय आवृत्ती ओएस/टू साठी लिहायला घेतली. विंडोजला त्यांनी तात्पुरती सोय मानलं. मग २२ मे १९९० ला विंडोज ३.० आलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. ओएस/टू मागे पडलं. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टकडे विंडोजवरचं स्प्रेडशीट तयार होतं आणि त्याला अडीच वर्षं झाली होती. विंडोजवरचं लोटस १-२-३ यायला १९९१ चा उत्तरार्ध उजाडला, आणि आलं ते डॉसच्या सवयी अंगावर घेऊन, घाईने शिवल्यासारखं.

मायक्रोसॉफ्टने लोटसला ओएस/टू च्या रानात मुद्दाम पाठवलं, असा आरोप त्यानंतर वर्षानुवर्षं होत राहिला. मला तो पूर्ण पटत नाही. मायक्रोसॉफ्टनेही ओएस/टू वर स्वतःची बरीच माणसं आणि पैसे घातले होते. पण एक गोष्ट खरीच आहे, आणि ती लोटसने पहिल्या दिवसापासून विचारात घ्यायला हवी होती. लोटसचा वाडा दुसऱ्याच्या जमिनीवर उभा होता. डॉस मायक्रोसॉफ्टचं, विंडोज मायक्रोसॉफ्टचं. जमिनीचा मालक शेजारीच आपला वाडा बांधत असताना भाडेकरूने एका पायवाटेवर सगळं लावू नये. मायक्रोसॉफ्टने त्या काळी दोन्हीकडे पैज लावली होती, लोटसने एकीकडेच.

आता एका दाराची गोष्ट, जी माझ्या मते या लढाईतली सर्वांत शिकण्यासारखी आहे. लोटसच्या गिऱ्हाइकाला एक्सेल आवडलं तरी तो तिकडे जाऊ शकत नव्हता. त्याच्या फायली लोटसच्या, सहकाऱ्यांच्या फायली लोटसच्या, शिकलेल्या कळा लोटसच्या. मायक्रोसॉफ्टने हे एकेक कुलूप शांतपणे उघडलं. एक्सेल लोटसच्या फायली वाचू लागलं. तिरपी रेघ दाबली की एक्सेलचाही मेनू उघडू लागला, आणि तो आजही उघडतो. लोटसच्या पद्धतीने @ लावून बेरजेचं सूत्र लिहिलं तर एक्सेल ते मुकाट्याने आपल्या पद्धतीत बदलून घेतं. लोटसच्या माणसांसाठी वेगळी मदत दिली होती: लोटसमधली आज्ञा निवडा, तीच एक्सेलमध्ये कशी करायची ते दाखवलं जाईल. १९०० सालची ती खोटी तारीखही याच हिशेबातली.

पण खरी कलाटणी १९९२ च्या एक्सेल ४.० ने दिली, असं त्या वेळी एक्सेलच्या गटात काम केलेल्या जोएल स्पोल्स्कीने नंतर लिहिलं आहे. त्या आवृत्तीत लोटसची फाइल उघडून, तीत काम करून, पुन्हा लोटसच्याच रूपात सहज जपून ठेवता येऊ लागली. म्हणजे एक्सेल वापरणाऱ्याला आपल्या कचेरीतल्या इतरांना ते वापरायला लावण्याची गरज उरली नाही. नाही आवडलं तर परत जाण्याची वाटही मोकळी होती. आणि परत जायची मुभा आहे हे कळल्यावर लोक निर्धास्तपणे आले. गिऱ्हाइकाला कोंडून ठेवणारे खूप पाहिलेत. परतीचं दार उघडं ठेवून गिऱ्हाईक जिंकण्याचं हे उदाहरण मला आजही थोर वाटतं.

त्याच वर्षांत लोटसने काय केलं? कोर्ट. ॲडम ऑस्बर्नच्या पेपरबॅक सॉफ्टवेअर या कंपनीने ९९ डॉलरमध्ये १-२-३ सारखं दिसणारं व्हीपी-प्लॅनर विकायला सुरुवात केली होती. लोटसने १९८७ मध्ये खटला भरला आणि जून १९९० मध्ये न्यायाधीश रॉबर्ट कीटन यांनी तो लोटसच्या बाजूने निकाली काढला.  

त्या विजयानंतर लगेच, जुलै १९९० मध्ये, लोटसने बोर्लंडला कोर्टात खेचलं. बोर्लंडच्या क्वात्रो प्रोमध्ये लोटसच्या मेनूंची हुबेहूब रचना एक पर्याय म्हणून दिलेली होती: ५० हून अधिक मेनू आणि उपमेनू, त्यांत मिळून ४६९ आज्ञा. ही रचना लोटसच्या मालकीची आहे का, या प्रश्नावर साडेपाच वर्षं वाद चालला. खालच्या कोर्टात लोटस जिंकलं. ९ मार्च १९९५ ला वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला: मेनूची रचना ही यंत्र चालवण्याची पद्धत आहे आणि पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी स्वतःला बाजूला ठेवलं, उरलेले आठ जण ४ विरुद्ध ४ असे विभागले गेले, आणि १६ जानेवारी १९९६ ला तो निकाल कायम राहिला. तोवर बोर्लंडने क्वात्रो प्रो नॉव्हेलला विकूनही टाकलं होतं. लोटसही स्वतंत्र उरलं नव्हतं. ज्याच्याशी खरी लढाई होती, त्या मायक्रोसॉफ्टवर या खटल्यांचा ओरखडाही उठला नाही. लोटसचे मेनू जसेच्या तसे न घेता, फक्त तिथून येणाऱ्याला हात देऊन, एक्सेल पुढे निघून गेलं होतं.

शेवटचा घाव किमतीचा होता. मायक्रोसॉफ्टने एक्सेल, वर्ड आणि पॉवरपॉइंट एका खोक्यात घालून ऑफिस म्हणून विकायला सुरुवात केली. विंडोजवर हे १९९० मध्ये आलं. तिन्ही वेगवेगळे घेण्यापेक्षा एकत्र खूप स्वस्त पडायचे, आणि खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तर हा विचार करण्याचाच विषय उरला नाही. लोटसने सॅम्ना ही कंपनी विकत घेऊन तिचा वर्ड प्रोसेसर सोबत जोडला आणि स्मार्टसूट उभा केला, पण तो मागून आलेल्याचा संसार होता.

लोटसकडे एक मोलाची गोष्ट उरली होती. रे ऑझी या प्रोग्रामरने लोटसच्या पैशांवर लोटस नोट्स बनवलं होतं. १९८९ मध्ये ते बाजारात आलं. मोठ्या कंपनीतल्या माणसांनी एकमेकांना पत्रं लिहावीत, कागदपत्रं एकत्र हाताळावीत, अशी ती व्यवस्था. इंटरनेट घराघरांत पोचण्याआधीची ही दूरदृष्टी. ५ जून १९९५ ला आयबीएमने लोटसवर दर शेअरला ६० डॉलर अशी बोली जाहीर केली. आठवडाभरातच ६४ डॉलरवर सौदा ठरला, एकूण सुमारे ३५० कोटी डॉलर. आयबीएमला हवं होतं ते नोट्स. १-२-३ सोबत आलं.

पुढे नोट्स डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या देशातल्या एचसीएल टेक्नॉलॉजीजने आयबीएमच्या इतर काही उत्पादनांसह १८० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी तो व्यवहार पुरा झाला. १-२-३ ची विक्री आयबीएमने २०१३ मध्ये थांबवली आणि ३० सप्टेंबर २०१४ ला त्याचा आधारही बंद केला.

आता मूळ प्रश्नाकडे. मायक्रोसॉफ्टवरही अशी वेळ येऊन गेली. आयपॅड एप्रिल २०१० मध्ये आला, आणि त्यावर ऑफिस यायला २७ मार्च २०१४ उजाडला. चार वर्षं. विंडोजचा मान राखायचा म्हणून एक्सेलला दुसऱ्याच्या यंत्रावर जाऊ द्यायचं नाही, हीच ती लोटसची चूक, फक्त भाडेकरूऐवजी मालकाने केलेली. सत्या नडेला प्रमुख झाले फेब्रुवारी २०१४ मध्ये, आणि दीड-दोन महिन्यांत त्यांनी स्वतः व्यासपीठावरून आयपॅडवरचं ऑफिस दाखवलं. माझ्या मते एक्सेल तिथे वाचलं. मायक्रोसॉफ्टने फोन गमावला, तरी हिशेबाची वही गमावली नाही. गूगलने २००६ पासून ब्राउझरमधलं स्प्रेडशीट फुकट दिलं, त्यावर अनेकजण एकाच वेळी काम करू शकतात, तरी मोठ्या कचेऱ्यांत एक्सेलच टिकलं.

म्हणून माझं मत असं, की मायक्रोसॉफ्टची ही आघाडी अधिक चांगल्या स्प्रेडशीटमुळे जाणार नाही. ती गेली तर लोक रकाने आखणंच सोडतील तेव्हा जाईल: प्रश्न बोलून विचारायचा आणि हिशेब यंत्राने मांडून द्यायचा, अशी रीत रुळेल तेव्हा. मायक्रोसॉफ्टने हे ओळखलं आहे. २०१९ पासून ओपनएआयमध्ये घातलेला पैसा आणि मार्च २०२३ मध्ये ऑफिससाठी जाहीर केलेलं कोपायलट ही त्याची खूण. ओएस/टू च्या वेळी लोटसने जे केलं नाही ते त्यांनी केलं, जुन्या वहीला नव्या जमिनीवर आधीच नेऊन ठेवलं. मात्र ती जमीन या वेळी एकट्या मायक्रोसॉफ्टच्या मालकीची नाही. त्यामुळे पुढची दहा वर्षं त्यांची आघाडी टिकेल असं मला वाटतं, वीस वर्षांची खात्री मी देणार नाही.

वाचकांना मात्र एक काम सांगावंसं वाटतं, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या भवितव्याशी बांधलेलं नाही. लोटसच्या फायली वाचणारं एक्सेलचं ते दार २००७ च्या आवृत्तीपासून बंद झालं आहे. ज्या पतसंस्था, सहकारी कारखाने, शाळा आणि नगरपालिका १९९० च्या आसपास लोटसवर हिशेब ठेवत होत्या, त्यांच्या कपाटांत तशा फ्लॉपी अजून पडलेल्या असतील. लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्राम त्या जुन्या फायली अजूनही उघडतो. फ्लॉपी वाचणारं यंत्र चालू आहे तोवर त्या उघडा, साध्या मजकुराच्या सीएसव्ही रूपात उतरवून ठेवा, आणि आजचे महत्त्वाचे एक्सेल हिशेबही त्यांच्या शेजारी तसेच ठेवा.